एक मिनिट चाळीस सेकंदांवर काय होतं?

घरी एकट्याने, आपलं आपण शिकत गाणी करणाऱ्या माणसाची अडचण अशी की त्याच्या कामाला ‘झालं, आता थांब’ म्हणणारं कुणी नसतं. व्यावसायिक स्टुडिओत गाणं बऱ्याच हातांतून जातं. चाल एकाची, वाद्यमेळ दुसऱ्याचा, रेकॉर्डिंग तिसरा करतो, मिक्सिंग (सगळ्या ट्रॅकचा तोल साधणं) चौथा, आणि मास्टरिंग (प्रकाशनाआधीचा शेवटचा हात) करणारा ते गाणं ताज्या कानांनी पहिल्यांदाच ऐकतो. प्रत्येक टप्प्यावर आधीचं काम कुणीतरी नव्याने ऐकतं, आणि त्यासाठी वेगळी विनंती करावी लागत नाही. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन घेऊन बसलेला हौशी माणूस ही पाचही कामं स्वतःच करतो. किक ड्रम निवडताना कान फसले असतील तर मिक्स करतानाही तेच कान असतात, त्यामुळे चूक पुन्हा बरोबरच वाटते. मग केव्हातरी शंका येते, आणि येते ती सगळ्यावर एकदम. चाल बाळबोध आहे का, आवाज पडतोय का, मिक्स गढूळ झालाय का, मुळात हे आपल्याला जमणारं काम आहे का?

अशी सरसकट शंका घेऊन काहीच दुरुस्त करता येत नाही. कुठला फेडर (पातळीची सरकपट्टी) हलवायचा हे ती सांगत नाही. म्हणून ती आधी फोडावी लागते. तिचा बराच भाग मीटरवर तपासता येतो, काही भाग खोलीत सापडतो, काही दुसऱ्या माणसाला नीट विचारल्यावर कळतो. या सगळ्यातून जे उरतं ते आवडीनिवडीचं असतं आणि ते आपणच ठरवायचं असतं. माझ्या मते स्वतः शिकणाऱ्याने प्लगइनपेक्षा (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपेक्षा) जास्त वेळ ही शंका फोडण्यावर घालवावा, म्हणजे एका मोठ्या धास्तीचे छोटे, उत्तर देता येतील असे प्रश्न करण्यावर.

पहिली फसगत आवाजाच्या पातळीची. आपलं गाणं संपवून लगेच एखादं प्रकाशित गाणं लावलं की जीव खट्टू होतो. ते भरदार आणि जवळ वाटतं, आपलं लांबून आल्यासारखं. आता आकडे बघा. मास्टर झालेलं आजचं गाणं सहज उणे ८ किंवा उणे ९ लुफ्सवर (LUFS, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) असतं. आपला न मास्टर केलेला मिक्स उणे १८च्या आसपास. म्हणजे १० डेसिबलचा फरक, आणि १० डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. मोठा आवाज कानाला चांगलाही वाटतो, कारण आवाज वाढला की खर्ज आणि तार दोन्ही टोकं जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले समान-लाउडनेसचे आलेख हेच सांगतात. एक-दीड डेसिबलच्या फरकानेसुद्धा ऐकणारा ‘हे जास्त स्वच्छ आहे’ म्हणतो. ‘हे मोठं आहे’ असं त्याच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा तुलना करायची तर संदर्भगाणं खाली आणून करावी. ते डॅवमध्ये (DAW, म्हणजे गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि तो ट्रॅक मास्टर बसवरच्या (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवरच्या) सगळ्या प्रक्रियेच्या बाहेरून थेट आउटपुटला जोडा, नाहीतर त्याच्यावरही आपला लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर रोखणारा प्लगइन) बसतो. दोन्हींचं ध्रुवपद वेगवेगळं लाउडनेस मीटरवर मोजा. अख्ख्या गाण्याची सरासरी घेऊ नका. एकात शांत सुरुवात लांब असेल तर हिशेब चुकतो. जो फरक येईल तेवढा संदर्भगाण्याचा फेडर खाली. मग डोळे मिटून एका वेळी एकच गोष्ट ऐका. गायकाचा आवाज स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमच्या) पुढे आहे की मागे? बेसची पातळी किकच्या तुलनेत कुठे बसते? रिव्हर्बची (घुमण्याच्या परिणामाची) शेपटी पुढच्या शब्दावर चढते का? मूळ शंकेतली बरीचशी इथेच विरते. जी उरते ती कामाची असते, कारण आता तुम्हाला ‘आपलं भिकार आहे’ असं वाटत नाही. ‘आपल्या गाण्यात गिटार आवाजापेक्षा पुढे आहे’ असं काहीतरी नेमकं हाती लागतं. कधीकधी उलटंही ऐकू येतं. पातळी जुळवल्यावर त्या प्रकाशित गाण्याचे ड्रम लिमिटरने चपटे झालेले कळतात आणि आपल्या स्नेअरमध्ये जास्त जीव असतो. हेही ऐकायला शिकलं पाहिजे.

संदर्भासाठी दोन-तीनच गाणी ठेवावीत. त्यांची लय, वाद्यं आणि गायकाची पट्टी आपल्या गाण्याच्या जवळपासची असावी. वीस गाण्यांशी तुलना करणारा माणूस प्रत्येक गाण्यातली सर्वांत चांगली गोष्ट उचलतो आणि त्या सगळ्यांची बेरीज असलेल्या, कुठेच नसलेल्या गाण्याशी स्वतःला मोजत बसतो.

हाच पातळीचा सापळा प्लगइनमध्येही आहे. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) लावला, मेकअप गेन (दाबलेली पातळी भरून काढणारी वाढ) आपोआप ३ डेसिबल वर गेला आणि ‘वा, काय उठाव आला’ असं वाटलं, तर तो उठाव फक्त त्या ३ डेसिबलचा असू शकतो. आउटपुट तेवढंच खाली आणून बायपास (प्लगइन वगळून ऐकण्याचं बटण) चालू-बंद करून बघा. फरक ऐकू आला नाही तर तो प्लगइन काढून टाकलेला बरा. आणि ‘माझ्या कानांना फरक कळतच नाही’ ही शंका असेल तर तीसुद्धा तपासता येते. एकच तुकडा दोन प्रकारे एक्स्पोर्ट करा, पातळी जुळवा आणि कुणाला तरी आलटून पालटून, क्रम न सांगता वाजवायला लावा. नुसत्या अंदाजानेही १० पैकी ७ बरोबर येऊ शकतात, त्यावर विसंबू नये. १६ वेळा ऐकून १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते. तेवढे आले तर कानाला फरक कळतो असं धरून चाला. सहा-सात आले तर त्या प्लगइनवर भांडण्यात अर्थ नाही.

रात्री अप्रतिम वाटलेलं गाणं सकाळी टोचतं, हा अनुभव इतका सर्रास आहे की त्याला लोक स्वतःच्या लहरी स्वभावाचा पुरावा समजतात. कारण बरंचसं शारीरिक आहे. दोन-तीन तास मोठ्या आवाजात ऐकल्यावर कानाची संवेदनशीलता तात्पुरती उतरते आणि तारेतला तपशील मंद होतो. म्हणून आपण वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवतो, मॉनिटरची, म्हणजे ऐकायच्या स्पीकरची, खुंटीही थोडी थोडी वर सरकवत राहतो. सकाळी कान ताजे असतात आणि ती वाढवलेली तार चावते. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. मॉनिटरच्या खुंटीवर पट्टी चिकटवून एक खूण करा, ज्या पातळीवर शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल अशी. नव्वद टक्के काम त्या खुणेवर करा. पाऊण तास झाला की दहा मिनिटं पूर्ण शांतता. कामाच्या जागचं आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायोश (NIOSH) संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. हेडफोनवर ९१ कधी गाठलं जातं ते कळतही नाही. हौस आयुष्यभर टिकवायची असेल तर हा हिशेब आधी सांभाळावा.

ईक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवणं किंवा कमी करणं) मोठ्या बदलांचा असेल तर तो रात्री उशिरा करू नये, एवढा एक नियम पाळला तरी सकाळची निम्मी निराशा टळते.

लूपची गोष्ट जरा वेगळी. आठ मात्रांचा किंवा आठ बारचा (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन) तुकडा तासभर फिरत राहिला की मेंदू त्यातलं नावीन्य ऐकणं बंद करतो. मग तो रिकामा वाटू लागतो आणि आपण एक पॅड (लांब धरलेले मऊ सूर), एक शेकर, एक आर्पेजिओ (कॉर्डचे सुटे सूर एकामागोमाग) अशी भर घालत जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो तुकडा पन्नास ट्रॅकनी ठासून भरलेला वाटतो. दुसरीकडे, सतत ऐकल्याने चुकांचीही सवय होते. वारंवार समोर आलेली गोष्ट नुसत्या ओळखीमुळे आवडू लागते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं. कच्च्या डेमोतला किंचित बेसूर आलाप पुढे नव्याने गाऊन घेतला तरी ‘जुन्यात मजा होती’ असं वाटतं ते याच कारणाने. म्हणून लूप जमला की त्याला सजवत बसण्याआधी गाण्याचा पूर्ण आराखडा मांडावा: सुरुवात, कडवं, ध्रुवपद, मधलं संगीत, शेवट. आराखडा उभा राहिल्यावर एकेक ट्रॅक म्यूट करून बघावा. गेलेला जाणवला नाही तर तो नकोच होता.

आता खोली. हा भाग हौशी लोक सर्वांत जास्त टाळतात आणि नेमका याच भागात त्यांचा आत्मविश्वास विनाकारण खचतो. ‘मला बेसचा अंदाजच येत नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचे कान ठणठणीत असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून पहिली उभी लहर (भिंतींमध्ये अडकलेली, जागा न सोडणारी) ३४३ भागिले अंतराची दुप्पट, ६, म्हणजे सुमारे ५७ हर्ट्झवर तयार होते. या लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. खुर्ची मध्यावर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर ऐकूच येत नाही. माणूस बेस वाढवतो, पुन्हा वाढवतो, आणि तेच गाणं दुसरीकडे लावल्यावर भिंती हादरतात. खात्री करायची असेल तर एखाद्या साध्या साइन सिंथवर खालच्या दोन सप्तकांतले सगळे सूर, कोमल-तीव्र धरून, एकाच जोराने वाजवा. काही सूर अंगावर येतील, काही गायब होतील. मग खुर्ची भिंतीच्या दिशेने ३० सेंटिमीटर सरकवून पुन्हा वाजवा. गायब झालेला सूर परत आला तर दोष कानाचा नव्हता. कोपऱ्यांत १० सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचे रॉकवूलचे पॅनेल लावले तर फरक पडतो. अंड्यांच्या ट्रेने खर्जाला काहीही होत नाही. तेवढं शक्य नसेल तर खर्जाचे निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या आणि स्पीकरवर फक्त खात्री करा.

याच्या जोडीला एक छोटा प्रयोग फोनवर. समजा बेसचा मूळ सूर ४४ हर्ट्झचा आहे, खालच्या एफ (F) च्या आसपास. फोनचा स्पीकर एवढ्या खाली जातच नाही. २०० हर्ट्झच्या खाली त्याचा दम संपत येतो. त्यामुळे हेडफोनवर छाती भरून येणारा बेस फोनवर अदृश्य होतो आणि ‘माझा मिक्स फोनवर पोकळ वाटतो’ अशी हळहळ सुरू होते. फेडर वाढवून उपयोग नाही. त्या सुराचे वरचे स्वरांश म्हणजे ८८, १३२, १७६, २२० हर्ट्झ आणि पुढचे. ते पुरेसे असतील तर मूळ सूर नसतानाही मेंदू त्याची उंची ओळखतो. म्हणून बेस ट्रॅकची प्रत करा, प्रतीवर १५० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, तिला सॅच्युरेशन (वरचे स्वरांश वाढवणारी किंचित विकृती) द्या आणि ती मूळ बेसखाली इतकीच मिसळा की फोनवर चाल कळेल, पण मोठ्या स्पीकरवर खरखर जाणवणार नाही. त्याआधी मिक्स मोनो करून बघा. फोनवर बेस हरवतो ते कधीकधी खर्जाला स्टिरिओ रुंदी दिल्यामुळे, डावी-उजवी बाजू एकमेकांना खोडत असल्यामुळेही असतं. लहान स्पीकरवर काम तपासण्यात कमीपणा नाही. १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आलेला यामाहाचा एनएस-१० पुढे जगभरच्या स्टुडिओंच्या कन्सोलवर बसला, खर्ज कमी आणि मध्य उघडा असूनही.

एवढं करून झाल्यावरच दुसऱ्याकडे जावं. ज्या गोष्टी मीटर आणि खुर्ची सांगू शकते त्यासाठी माणसाचा वेळ घेऊ नये.

माणसांना विचारणं हे मात्र वेगळंच कसब आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान!’ हे उत्तर ठरलेलं आहे. प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. विचारणाऱ्याचा चेहरा किंवा मेसेज आशेने भरलेला असतो आणि ऐकणाऱ्याला नातं सांभाळायचं असतं. याहून घातक म्हणजे आधीच केलेली माफीची प्रस्तावना: ‘अजून कच्चं आहे, मला मिक्सिंग येत नाही, आवाजही बरा लागला नव्हता, पण ऐक.’ यानंतर ऐकणारा गाणं ऐकत नाही, तो आपली समजूत घालायची तयारी करतो. किंवा तुम्ही सांगितलेले दोषच शोधतो आणि सांगतो, मग वाटतं की बघा, माझी शंका खरीच होती.

गाणं पूर्ण पाठवावं, सोळा बारचा तुकडा नको. सर्वसाधारण श्रोत्याला ३२० केबीपीएसची एमपी३ चालते; मिक्सिंग जाणणाऱ्याला २४ बिटची वेव्ह द्या आणि सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मेसेजिंग अ‍ॅपवर ऑडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून किंवा लिंकने पाठवा, नाहीतर वाटेत फाइल पुन्हा दाबली जाण्याची भीती. सोबत एवढंच लिहा: ‘एकदा सलग ऐक. जिथे लक्ष उडालं किंवा काही खटकलं तिथली वेळ लिहून ठेव. कारण नाही सुचलं तरी चालेल.’ वेळ मागितली की माणसं मोकळी होतात. ‘१:४० ला जरा कंटाळा आला’ असं लिहिणं कुणाच्या मनाला लागत नाही, आणि ते ‘छान’पेक्षा शंभरपटीने उपयोगी असतं.

समजा खरंच असं उत्तर आलं: ‘१:४० पासून मधेच कंटाळवाणं वाटलं. ड्रमचा आवाज बदलून बघ.’ आता ही चिठ्ठी कशी वाचायची? गाणं ९६ बीपीएमचं (मिनिटाला ९६ मात्रांचं) असेल तर चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा. १:४० म्हणजे १०० सेकंद, म्हणजे चाळीस बार संपले. आराखडा उघडला तर सुरुवात आठ बार, पहिलं कडवं सोळा, ध्रुवपद सोळा, चाळीस झाले. म्हणजे श्रोत्याचं लक्ष नेमकं दुसरं कडवं सुरू होताना उडालं. तिथे काय आहे? पहिल्या कडव्याची प्रत. तेच कॉर्ड, तोच ड्रम पॅटर्न, फक्त शब्द नवे. ध्रुवपदात चढलेली गोष्ट तिथे पुन्हा होती त्या पायरीवर येऊन बसली आणि पुढची चाळीस सेकंदं तशीच राहिली. ड्रमचा आवाज बदलून हे सुटणार नाही. दुसरं कडवं आठ बारचं करता येईल. पहिले चार बार किक काढून नुसत्या बेसवर गाता येईल. वरच्या सप्तकात एक हलकी जोडसाथ आणता येईल, किंवा कॉर्ड तेच ठेवून तळाचा सूर बदलता येईल. श्रोत्याने दाखवलेली जागा अचूक होती. उपाय मात्र त्याने त्याला ठाऊक असलेल्या शब्दांत सांगितला, आणि तो शब्दशः घ्यायचा नसतो. बहुतेक अभिप्रायांचं असंच असतं: वेळ आणि अस्वस्थता यांवर पूर्ण विश्वास ठेवावा, निदान स्वतः करावं.

‘शब्द कळत नाहीत’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. यावर हौशी माणूस व्होकलचा फेडर वाढवतो आणि आवाज गाण्याबाहेर येऊन उभा राहतो. आधी व्होकल एकटा ऐका, रिव्हर्बसकट. एकटा ऐकतानाही शब्द पुसट असतील तर वाद्यांचा दोष नाही. रिव्हर्बचा प्री-डिले (मूळ आवाजानंतर घुमणं सुरू होईपर्यंतचा वेळ) शून्य असेल तर तो २० ते ४० मिलिसेकंद करा, म्हणजे व्यंजन आधी कोरडं ऐकू येईल आणि शेपटी नंतर. रिव्हर्बच्या परतीवर (रिव्हर्बचा आवाज ज्या ट्रॅकवरून परत मिसळतो त्यावर) ३०० हर्ट्झच्या खालचं कापा. तरीही पुसट असेल तर गातानाच व्यंजनं गिळली गेली आहेत आणि त्यावर पुन्हा गाणं हाच इलाज. एकटा ऐकताना शब्द स्वच्छ आणि वाद्यांत गेल्यावर हरवत असतील तर मग पातळीची चढउतार बघा: ओळीच्या शेवटी आवाज पडतो तिथे क्लिप गेन (तेवढ्याच तुकड्याची पातळी) दोन-तीन डेसिबल हाताने वर घ्या, त्यानंतर ३:१ चा कॉम्प्रेसर, तोही तीन ते पाच डेसिबलच दाबणारा. मग गिटार किंवा सिंथमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली. आणि ईक्यूला हात लावण्याआधी एकदा ते पॅड एक सप्तक वर किंवा खाली नेऊन बघाच. मिक्सचे कितीतरी प्रश्न खरं तर वाद्यरचनेचे असतात. गायकाच्याच सप्तकात तीन वाद्यं बोलत असतील तर कुठलाही ईक्यू त्यांच्यात तह घडवू शकत नाही.

कुणाला काय विचारायचं हेही ठरवून घ्यावं. चाल आणि लांबी याबद्दल संगीत न शिकलेला श्रोता सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो. त्याला दहा मिनिटांनी विचारा, ‘काही गुणगुणता येतंय का?’ त्याला ‘किक आणि बेस भिडतात का?’ असं विचारलं तर तो नम्रपणे काहीतरी सांगेल आणि तुम्ही तीन दिवस त्यामागे घालवाल. वादकाला ताल, सूर आणि कॉर्डची वळणं विचारा. मिक्सिंग करणाऱ्याला मात्र अगदी एकच प्रश्न द्या, जमलं तर स्क्रीन शेअर करून त्याच्यासमोर सेशन (डॅवमधली गाण्याची फाइल) उघडा. त्याने दोन ट्रॅक सोलो केले, एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटून बघितली, मास्टर बसवरचे चार प्लगइन बंद केले, एवढं बघूनही जे कळतं ते दहा जणांच्या लेखी मतांतून कळत नाही. स्वतः शिकणाऱ्याच्या ज्ञानात भोकं असतात ती नेमकी कुठे आहेत हे त्याला दिसत नाही. दुसऱ्याचे हात काम करताना पाहिले की ती दिसतात.

दोन आवृत्त्यांत निवड करायला सांगायची असेल तर फाइलींना ‘जुना’ आणि ‘नवा’ अशी नावं देऊ नका. नवा म्हटलं की तो सुधारलेला असणार असं ऐकणारा गृहीत धरतो. आंबा आणि चिंच म्हणा, निळा आणि हिरवा म्हणा. पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा आणि निम्म्या लोकांना क्रम उलटा करून पाठवा.

उत्तरं आली की लगेच डॅव उघडू नये. प्रत्येक अभिप्रायावर तातडीने फेडर हलवत गेलं की चौदावी आवृत्ती तिसरीपेक्षा वाईट होते, आणि तिसरी सांभाळून ठेवलेली नसते. म्हणून प्रत्येक फेरीला मिक्स वेगळ्या नावाने, आवृत्तीचा आकडा घालून बाउन्स करून (ऑडिओ फाइल म्हणून काढून) ठेवा. पाच-सहा जणांची उत्तरं जमू द्या आणि वेळेनुसार एका कागदावर मांडा. दोन-तीन जण एकाच जागी अडखळले असतील तर ती जागा दुरुस्त करायचीच. एकट्याचं मत असेल तर तिथे पुन्हा ऐकायचं; पटलं तर घ्यायचं, नाही पटलं तर सोडायचं. परस्परविरोधी मतं आली, एक म्हणतो आवाज मागे आहे, दुसरा म्हणतो पुढे, तर बहुधा तो जागेवर आहे. तरी चैन पडत नसेल तर स्टुडिओतली जुनी रीत वापरा: एकच मिक्स तीन वेळा काढा, व्होकल आहे तसा, एक डेसिबल वर आणि एक डेसिबल खाली. दुसऱ्या दिवशी नाव न बघता तिन्ही ऐका. तिघांतला फरक सांगताना घुटमळायला झालं तर विषय संपला.

काहींकडून उत्तरच येत नाही. हौशी माणसाला हे मौन फार लागतं, आणि ते लागणं मी अगदी समजू शकतो, कारण पाठवलेली गोष्ट जिवाची असते. पण मौन हा गाण्यावरचा निकाल म्हणून वाचू नये. चार मिनिटं सलग ऐकणं, मग मत बनवणं, मग ते न दुखावता लिहिणं, हे मागणं मोठं आहे. सगळ्यांना एकदम पाठवलेली लिंक कुणाचीच जबाबदारी नसते. एका माणसाला, त्याच्या आवडीचं गाणं असेल तेव्हा, एक प्रश्न विचारून पाठवली की उत्तर येण्याची शक्यता वाढते. आणि दुसऱ्यांची गाणी वेळा टिपत ऐकून द्यावीत. त्यांच्या मिक्समधला २५० हर्ट्झचा गढूळपणा ज्या दिवशी नाव घेऊन दाखवता येतो, त्यानंतर तो स्वतःच्या मिक्समध्येही ऐकू येऊ लागतो.

हे नाव घेऊन ऐकणं सरावाने येतं. पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखा जोर असलेला सळसळता आवाज) लावा, ईक्यूने एका सप्तक-पट्ट्यात ६ डेसिबल वाढवा आणि कुठला पट्टा ते न बघता ओळखा: ६३, १२५, २५०, ५०० हर्ट्झ, मग १, २, ४, ८ किलोहर्ट्झ. रोज दहा मिनिटं. ओळखू येऊ लागलं की नॉइजच्या जागी गाणं घ्या, नंतर वाढ ३ डेसिबलवर आणा. ‘काहीतरी चुकतंय’ याच्या जागी ‘२५० फुगलंय’ असं वाटायला लागलं की शंकेचा चेहरामोहराच बदलतो. ती कामाच्या यादीतली एक ओळ होते.

‘मी खरंच संगीतकार आहे का?’ हा प्रश्न मात्र वर सांगितलेल्या कुठल्याच मार्गाने सुटत नाही आणि तो सेशन उघडं असताना विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं उत्तर कुठल्या मीटरवर येत नाही आणि ते देण्याचा हक्क कुठल्या श्रोत्यालाही नाही. हौशीला परीक्षक नाही, म्हणून उत्तीर्ण होण्याचीही सोय नाही. ज्याला दुसऱ्या कडव्यातला तळाचा सूर बदलून बघावासा वाटतो तो बघतो, एवढंच तिथे आहे.

थांबायचं कधी हे आधीच ठरवावं, कारण काम सुरू असताना ते ठरत नाही. अभिप्रायाच्या तीन फेऱ्या पुरेत: पहिली वाद्यरचनेची, दुसरी मिक्सची, तिसरी फक्त चुकांची, म्हणजे क्लिक, श्वास, कापलेली शेपटी अशांची. तिसऱ्या फेरीत ‘चाल बदलू का’ असं वाटलं तर ते वहीत पुढच्या गाण्यासाठी लिहावं. मग सगळे ट्रॅक पहिल्या बारपासून एकसारख्या लांबीच्या वेव्ह फाइलींत काढून ठेवा, सोबत बीपीएम आणि पट्टी लिहा. काही वर्षांनी आजचे प्लगइन उघडतीलच असं नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा पातळी साधारण उणे १४ लुफ्सला आणतात, त्यामुळे गाणं त्याहून खूप मोठं करण्यासाठी लिमिटरने चेपत बसायची गरज नाही.

आणि अभिप्रायाचा तो कागद फेकू नका. तीन-चार गाण्यांचे कागद शेजारी ठेवले की तेच तेच शेरे दिसू लागतात. प्रत्येक गाण्यावर ‘शब्द कळत नाहीत’ असेल तर पुढच्या गाण्याच्या टेम्प्लेटमध्येच रिव्हर्बच्या परतीवर ३०० हर्ट्झचा हाय-पास आणि ३० मिलिसेकंदांचा प्री-डिले घालून ठेवा, आणि व्होकल रेकॉर्ड करण्याआधी पॅडचं सप्तक ठरवा. प्रत्येक गाण्यावर दुसऱ्या कडव्याशीच लक्ष उडत असेल तर पुढचं गाणं दुसऱ्या कडव्यापासून लिहायला घ्या.